तिवरांवरचं शीड

आमच्या पेणच्या घरात पाहुण्याला बसायला जागा नसे, कारण तिथे आधीच इतिहास बसलेला असे. ओटीवरच्या बाकावर अर्धं जातं, कोनाड्यात फुटक्या सुरया, आणि माजघराचं दार वाऱ्याने आपटू नये म्हणून लावलेला तोफेचा गोळा. या गोळ्याला दूधवाल्यापासून सोयरिकीला आलेल्यांपर्यंत सगळ्यांचे अंगठे ठेचकाळून झाले होते. माझं एक चांगलं स्थळ त्यापायीच लंगडत परत गेलं, असं आई शेवटपर्यंत म्हणायची. मागच्या दारी अक्षरं कोरलेला एक दगड होता. ती अक्षरं कुणालाच लागली नाहीत, तेव्हा आईने त्याच्यावर लोणच्याची बरणी ठेवली. बाबा अधूनमधून बरणी उचलत, अक्षरांवरून बोट फिरवत, सुस्कारा टाकत आणि बरणी होती तिथे ठेवून देत.

बाबा पोस्टमन होते. खाडीकाठच्या गावांचं टपाल त्यांच्याकडे. सायकलवरून बांधाबांधाने जायचे, घरोघरी पाणी प्यायचे आणि पाणी पिताना मान वर गेली की लोकांचे माळे बघून घ्यायचे. कुणाच्या माळ्यावर पालखीचा दांडा आहे, कुणाकडे मिठाची जुनी मापं आहेत, हे त्यांना त्या घरच्या सुनांपेक्षा जास्त ठाऊक असे. असे चार-पाच छांदिष्ट जमून आमच्या गावात इतिहास मंडळ निघालं होतं. अध्यक्ष दत्ताकाका. त्यांचा गणपतींचा कारखाना होता, आणि सभेला सावली तेवढी तिथेच मिळायची म्हणून ते अध्यक्ष. उन्हाळ्यात कारखाना भरलेला असायचा. रांगेने गणपती बसलेले, बिनरंगाचे, डोळे अजून काढायचे राहिलेले. त्यांच्या मधल्या बोळात मंडळी उकिडवी बसून ठराव करायची. मंडळाचे एकेक निर्णय बघता त्या देवांना तेव्हा डोळे नव्हते ते बरंच होतं.

मंडळाला एका भल्या माणसाने चिंचेखालची एक खोली देऊन ठेवली होती, पण तिला छप्पर नव्हतं. छप्पर झालं असतं तर तोफगोळा आमच्या दारातून तिथे गेला असता, म्हणून या कामात आईसुद्धा मंडळाच्या बाजूने होती. छपरासाठी मे महिन्यात उन्हाळी उत्सव करायचं ठरलं. मे महिन्यात का, तर तेव्हा मुंबईला गेलेले सगळे आंबे खायला गावी आलेले असतात आणि गावाबद्दल त्यांचा जीव नुसता पातळ झालेला असतो. शाळेच्या पटांगणात तिकीट लावून जुन्या वस्तू मांडायच्या, बाजूला ताडगोळे, आमसुलाचं सरबत, वालाचं बिरडं आणि भाकरी, आणि आईचे पोह्याचे पापड. आमच्या गच्चीवर त्या दिवसांत पाय ठेवायला जागा नसे. जुन्या धोतरांवर पापड वाळत पडलेले, आणि त्यांना राखायला मी, हातात काठी घेऊन. कावळे मला इतके ओळखायचे की मी असले की बिनधास्त यायचे.

उत्सवाला काहीतरी मोठं हवं होतं. भर सभेत बाबा म्हणाले, "आपण शीड दाखवू." खाडीच्या तोंडाशी असलेल्या एका गावात हलिमाचाची राहायची. तिचा नवरा इब्राहिम तांडेल, म्हणजे गलबताचा प्रमुख. मीठ आणि कौलं भरून मुंबईला जायचा. तो गेला, गलबत मोडीत निघालं, पण शीड चाचीने मोडीत जाऊ दिलं नाही. ते तिच्या माळ्यावर होतं, बाबांनी पाणी पिताना पाहिलेलं. सभेत सगळे खूश झाले. दत्ताकाका तेवढे म्हणाले, "टपाल्या, तिला विचारलंस काय?" बाबा म्हणाले, विचारतो की. पण छापखानेवाला त्याच संध्याकाळी मुंबईला जायचा होता, म्हणून आधी हस्तपत्रकं छापून झाली. 'खाडीतले अखेरचे भव्य शीड, त्याच्याच सावलीत बसा आणि सरबत प्या.' बाबांच्या डोक्यात मांडव होता. शीड चार बांबूंना बांधायचं, खाली खुर्च्या टाकायच्या.

उत्सवाची जाहिरात करायला मला रिक्षात बसवलं. बॅटरीवरचा कर्णा वर बांधलेला, मागे मी, हातात माइक. माझा आवाज लहानपणापासून मोठा आणि थोडा फाटका. शाळेत मला गाण्यातून काढून कवायतीच्या आज्ञा द्यायला उभं केलं होतं, यावरून समजा. रिक्षा गल्लीतून गेली की बायका हंडे घेऊन बाहेर यायच्या. त्यांना वाटायचं पाण्याची काहीतरी सूचना आहे. "शीड, शीड!" मी ओरडायचे. "काय शिजवलंय म्हनं?" एक म्हातारी शेजारणीला विचारायची.

मग एका रविवारी बाबा परवानगी मागायला निघाले, आणि बायकांशी बोलायला बायका बऱ्या म्हणून आईला आणि मला सोबत घेतलं. चाचीचं घर गावाच्या टोकाला, मागचं दार खाडीकडे उघडणारं. त्या दारातून आधी तिवरांच्या झुडपांची हिरवी भिंत दिसायची, पलीकडे वळण घेतलेलं पाणी, आणि त्यापलीकडे, पाण्याला वळसा घालून पुन्हा गावाला येऊन मिळणारा बांध. आत घरभर सामान बांधून ठेवलेलं. तिचा मुलगा कुवेतला होता. त्याने पैसे पाठवले होते, पावसाच्या आत जुनं घर पाडून स्लॅबचं बांधायला घ्यायचं होतं. तिने आमच्यासमोर तांदळाची वाफवलेली सांदणं ठेवली, वर नारळाचं दूध. मी दोन खाल्ली आणि तिसरं आईने डोळ्यांनी थांबवलं. बाबांनी घसा खाकरून मांडवाचं सांगितलं.

चाची ऐकून घेत होती. बारीक, ताठ बाई, नाकात चमकी. बाबांचं संपल्यावर म्हणाली, "मांडव?"

"म्हणजे लोकांना सावली होईल, चाची. आणि लोकांना वरती बघता येईल."

"पोस्टमन भाऊ, तुमी शहाने मानूस. शीड काय चादर हाय? सावलीला तुमाला माझी घोंगडी देते."

आईला हसू आलं, ते तिने सांदणात लपवलं. बाबांच्या कपाळावर घाम. हस्तपत्रकं साऱ्या तालुक्यात वाटून झालेली.

चाची उठली आणि मागच्या दारात जाऊन उभी राहिली. "हितं या गो, तुमी दोघी," ती आम्हाला म्हणाली. "तो वळणाचा बांध दिसतो? तितं तिवरांवर पयला टोक दिसायचा. लाल. मी बघितला का आधण ठेवायची. तांडेल घरात पाय ठेवी तवर भात उतरलेला. सगळे खलाशी आधी हितं जेवायचे, मंग आपापल्या घरी. बायको वाट बघत असली तरी. तसा रिवाज व्हता." मग थांबून म्हणाली, "मी कदी त्याच्या खाली उभी ऱ्हायली नाय. बाईमानूस गलबतावर जाईत नाय. मी आपली हितनंच बघितला, येवढासा." तिने अंगठ्याचं पेर दाखवलं. "आता दार जानार. पोराच्या नकाशात हिकडं भिंत हाय, संडास हाय. दार जायच्या आगोदर मना एक डाव तितं शीड बघायचाय. वारा भरलेला. तेवढा करा, मंग शीड तुमचा. ठेवा काचेत, नायतर काय पन करा. नाय जमला, तर मी ते खाडीला देईन. मांडवाला नाय देनार."

एवढं बोलून तिने माझ्या ताटलीत तिसरं सांदण घातलं. या वेळी आईने डोळे वटारले नाहीत.

परतताना बाबा सायकल हातात धरून चालत होते. "वारा भरलेलं," ते स्वतःशीच म्हणत होते. "गलबत नाही, डोलकाठी नाही, तांडेल नाही." आई म्हणाली, "अहो, मग हस्तपत्रकं परत गोळा करायची का?" बाबांनी तिच्याकडे असं बघितलं, की आपण रोह्याला पत्र टाकू असं तीच म्हणाली. रोह्याजवळ वरशाला तिचा भाऊ राहायचा, माझा मामा. कंपनीत शिफ्टला होता, आणि कंपनीत उंच उंच टाक्या उभ्या करताना पाहिल्यामुळे जगातली कुठलीही उभी वस्तू आपल्याला उभी करता येते असं त्याला वाटायचं. पत्र पोचायच्या आधीच आला, कारण बाबांना धीर नव्हता आणि त्यांनी एसटीच्या कंडक्टरकडे निरोप दिला. मामा डोलकाठीसाठी सागाचा लांब सोट ट्रकवर टाकून घेऊन आला. सोट ट्रकच्या मागे इतका बाहेर, की त्याच्या टोकाला त्याने मामीच्या लाल परकराचं कापड बांधलं होतं. कासूपर्यंत मागचा एसटीवाला हॉर्न वाजवत राहिला, आणि मामाला वाटलं तो आपलं कौतुक करतोय.

"भावोजी, काळजी नको," मामा म्हणाला. "शिफ्ट बदलून आलोय. हे काय, झेंडावंदनच आहे."

"झेंड्याला पोट नसतं," दत्ताकाका म्हणाले. पण त्यांनीच दुसऱ्या दिवशी कारखान्यातली माणसं वळणाच्या बांधाच्या पायथ्याशी खड्डा खणायला दिली.

शीड माळ्यावरून खाली काढलं तो दिवस आठवला की अजून माझ्या अंगावर काटा येतो. वाटलं होतं गाठोडं असेल. माळ्याच्या तोंडातून आधी एक लालसर तपकिरी गुंडाळी आली, माणसाच्या मांडीएवढी जाड, आणि मग ती येतच राहिली. मंडळाची माणसं ओळीने खांद्यावर घेत गेली. पहिला माणूस अंगण ओलांडून रस्त्यावर पोचला तरी शेवट माळ्यातच होता. वास मात्र आमच्या पुढे धावत गेला. माशांचं तेल, मीठ, विड्या, झाडाची साल उकळून काढलेला कसला तरी रंग, आणि कुठेतरी खोल आत उन्हात तापलेल्या पाण्याचा वास. शेजारच्या घरातला एक म्हातारा खाटेवर उठून बसला आणि म्हणाला, "तांडेल आला?"  

सुकलेल्या भातखाचरात ते उलगडलं. जमिनीला भेगा पडलेल्या, आणि त्यावर ते तिकोनी कापड पसरत गेलं, एक खाचर झाकलं, दुसऱ्यात उतरलं. त्याला इतकी ठिगळं होती की मूळ कापड कुठलं ते कळत नव्हतं. पिठाच्या पोत्याचं, गोधडीचं, कुणाच्या तरी चौकड्याच्या लुंगीचं. मामा त्याच्या कडेकडेने चालत गेला आणि परत आला तेव्हा त्याचा चेहरा पहिल्यांदाच लहान दिसत होता. "भावोजी," तो म्हणाला, "हे झेंडावंदन नाय."

उत्सव झाला. त्याचं सविस्तर वर्णन मी करणार नाही, कारण मला त्यातलं फारसं आठवत नाही. बाबा जात्याची माहिती सांगताना लोक बिरड्याच्या रांगेत होते एवढं आठवतं. आईचे पापड पहिल्याच सकाळी संपले. सगळ्यांचं लक्ष शेवटच्या दुपारी होतं. तिकीट काढलेले लोक टेम्पोने, रिक्षांनी, सायकलींवर वळणाच्या बांधावर आले. छत्र्या, टोप्या, हातात ताडगोळे. मंडळाने उत्सवाचा कापडी फलकही तिथे आणून दोन बांबूंवर लावला होता. आई चाचीजवळ, पलीकडे मागच्या दारात. मी रिक्षात, माइक घेऊन, कारण लोकांना शिडाबद्दल माहिती सांगायची होती. बाबांनी मला ती लिहून दिली होती, पानंच्या पानं.

चाचीच्या गावात एक जुना खलाशी उरला होता, पोशादादा, पण त्याचे हात थरथरायचे. तो बांधावर बसून नुसता वाऱ्याच्या दिशेला तोंड करून होता. दुपार कलली, भरतीचं पाणी तिवरांत चढू लागलं, आणि त्याने बसल्याजागीच मान हलवली. मंडळाने दोर ओढायला सुरुवात केली. कप्पी करकरली. आडव्या वाश्याला गुंडाळलेलं शीड हळूहळू वर गेलं, ढिलं, सुरकुतलेलं. लोकांत हशा झाला. "पोस्टमन, तुझा धोतर वाळत घातलास काय?" कुणीतरी ओरडलं. बाबा घामाघूम, चष्मा नाकाच्या टोकावर. मग वारा आला.

तो पश्चिमेकडून पाण्यावर काळी रेघ ओढत आला. शिडाचा खालचा कोपरा एकदा फडफडला, नि फाडकन आवाज होऊन सगळं कापड एकदम फुगलं. खालच्या कोपऱ्याचा दोर धरलेले मंडळाचे पाचही जण उचलल्यासारखे पुढे गेले. दत्ताकाका गुडघ्यावर पडले आणि तसेच चिखलात घसरत चालले. मामा सोटाला मिठी मारून ओरडत होता, सोट वाकत होता. बाबांची एक चप्पल मागे राहिली. दोर त्यांच्या हातातून सुटत होता. सुटला असता तर शीड वाऱ्यात चाबकासारखं आपटून त्याच्या चिंध्या झाल्या असत्या, आणि त्या चिंध्या दारातून चाचीने पाहिल्या असत्या.

आता इथे मला एक सांगायला हवं. आमच्या खाडीकाठी जमीन ही बांधाच्या आधारावर जगते. भरतीने बांध फोडून खारं पाणी भातशेतीत शिरलं की त्या भगदाडाला खांड म्हणतात. खांड गेली अशी बांधावरून हाक आली की घरातल्या प्रत्येकाने हातातलं काम टाकून धावायचं. जेवणाऱ्याने उष्ट्या हाताने उठायचं. बाळंतीण तेवढी घरात राहायची. सगळ्या गावाने मिळून बांध राखायच्या या रीतीला जोळ म्हणायचे. बाबांचं मूळ गाव असंच खाडीवरचं, म्हणून आम्हा मुलांना खेळातसुद्धा ती हाक मारायची बंदी होती. आम्ही एकमेकांना वाटेल त्या शिव्या दिल्या, पण ते दोन शब्द कधी उच्चारले नाहीत.

माझ्या हातात बाबांनी लिहिलेली पानं होती. ती कधी उडाली मला कळलं नाही. मी माइक तोंडाला लावला आणि जो आवाज देवाने मला गाण्यासाठी दिला नव्हता, त्याने ओरडले, "खांड गेली! खांड गेली हो! धावा!"

आधी बांधावरची माणसं थबकली. मग गावातून आवाज उठला. मी तो पुन्हा कधी ऐकला नाही. दारं, पायांची धप् धप्, आणि बायकांची एकमेकींना हाक. गल्ल्यांमधून माणसं बाहेर आली, फावडी खांद्यावर, घमेली डोक्यावर. मिठागरावरून लोक मीठ ओढायची लाकडी दांडकी तशीच हातात घेऊन पळत आले, पोटऱ्या मिठाने पांढऱ्या झालेल्या. मशिदीच्या ओट्यावर बसलेले म्हातारे आले. एक बाई पीठ लागलेल्या हातांनीच आली. ते बांधावर चढले आणि सगळ्यात पुढे असलेल्या रांगड्या बाप्याने इकडेतिकडे बघितलं.

"खांड कुठं हाय गो?"

मी बोट वर केलं.

त्याने वर बघितलं. मग त्याने फावडं टाकलं आणि दोर धरला. मागच्याने त्याच्या मागे धरला. कुणी सांगितलं नाही, कुणी विचारलं नाही. चिखलाचं ढेकूळ जसं ते हातोहात बांधापर्यंत पोचवतात, तसे ते दोरावर एकामागे एक लागत गेले, बायका, पुरुष, आंबे खायला आलेले मुंबईकर, आणि त्या पीठवाल्या हातांखाली दोरही पांढरा होत गेला. दोर ताठ झाला. थांबला. आणि शीड भरलं.

मी त्याच्या खाली होते. आजपर्यंत मी पुष्कळ मोठ्या गोष्टी पाहिल्या. मुलाने मला परदेशात नेऊन उंच इमारती दाखवल्या, मी मान वर केली आणि छान आहे म्हटलं. पण तसं काही मी पुन्हा पाहिलं नाही. कापड उरलंच नव्हतं. तांबूस रंगाचा एक मोठा श्वास होता तो, आत घेऊन धरून ठेवलेला. ऊन त्याच्या आरपार येत होतं आणि प्रत्येक ठिगळ वेगळ्या रंगाने पेटलं होतं, पोतं मधासारखं, लुंगी हिरवी. त्याची सावली आमच्यावर पडली आणि सगळ्यांची तोंडं लालसर झाली. बाबांचं लाल, दत्ताकाकांचं लाल, त्या रांगड्या बाप्याचं लाल. सोट एका सुरात घुमत होता.  पोशादादा उभा राहिला होता आणि त्याचे हात थरथरत नव्हते. मला वाटलं, आता बांधच निघणार. हे सगळं, माणसं, सायकली, सरबताची पिंपं घेऊन आपण खाडीतून मुंबईकडे चालू लागणार.

किती वेळ ते, मला सांगता येणार नाही. मग वरून एक लांब, कोरडा आवाज आला, आणि शिडाच्या मधोमध आकाशाची निळी पट्टी दिसली. वारा त्या फटीतून निघून गेला. लोकांनी दोर सैल सोडत शीड हळूहळू खाली घेतलं, जसं बाळाला पाळण्यात ठेवावं. बाबा तिथेच चिखलात बसले. एका पायात चप्पल. "फाटलं," ते म्हणाले. "तिच्यासमोर फाटलं."

दारात काय झालं ते मला आईने सांगितलं, आणि आई ते आयुष्यभर सांगत राहिली, दर खेपेला थोडं वाढवून. मी इथे पहिल्या खेपेचं सांगते. चाची चौकटीला धरून उभी होती. तिवरांवर लाल टोक आलं, फुगलं.  एकदा बघितलं, आणि पाठ वळवून आत गेली. आईला वाटलं, रडायला गेली असेल, आपण जाऊ नये. मग आतून आवाज आला. पितळी पातेलं खाली घेतल्याचा, आणि सुपात तांदूळ पडल्याचा. आई आत गेली तर चाची चुलीपुढे. बांधलेल्या सामानातून तिने सगळ्यात मोठं पातेलं सोडवून काढलं होतं.

"चाची, काय करताय?"

"शीड दिसला ना? आता येतील. लाकडा दे गो."

आम्ही सगळे त्या घरी गेलो तेव्हा बाबा सगळ्यात मागे होते. अंगणात पातेलं, वर वाफ. ज्यांनी ज्यांनी दोर धरला ते सगळे चिखलाच्या पायांनी ओळीत बसले होते. भात, सुक्या जवळ्याची चटणी, कांदा. आमच्या घरात सोवळंओवळं थोडंफार होतं. त्या दिवशी आई वाढत होती आणि दत्ताकाका दुसऱ्यांदा मागत होते. बाबा दाराशी उभे. चाचीच्या लक्षात आलं.

"या, पोस्टमन भाऊ. तांडेल सगळ्यात आधी जेवतो, तुमी मागं का?"

"चाची, फाटलं ते," बाबा म्हणाले. 

"मना ऐकू आला की. चुलीपाशी बसून ऐकला." तिने त्यांच्या पानावर भात वाढला. "शीड फाटत नाय तर काय पितळेचा हाय? दर खेपेला फाटायचा. तुमी काय समजता, येवढी ठिगळा कुनी लावली? जेवा. सकाळी शिवू."

आणि मग ती माझ्याकडे वळली. "खांडवाली ती तूच ना गो? जीव घेतलास गावाचा. तीन घरात भाकऱ्या जळल्या." सगळे हसले. मी इतकी लाजले की तेवढ्यापुरता माझा आवाज खरोखर गेला. त्या गावात मला आजही खांडवालीच म्हणतात. माझ्या नवऱ्याला लग्नानंतर पहिल्यांदा तिथे नेलं तेव्हा त्याला वाटलं हे आमचं आडनाव आहे.

सकाळी खाचरात बसून शिवलं. चाचीने जाड दाभण आणि मेण चोळलेला दोरा काढला. ती कडा जुळवायची, आई आणि मी टाके घालायचो, आणि आयुष्यात पहिल्यांदा शिडाच्या मध्यावर बसलेली चाची मधूनच हात थांबवून चहूकडे बघायची. फाट लांब होती, जाड कापड हवं होतं. चाची आईकडे बघत होती. आई म्हणाली, "माझी पापडांची धोतरं सोडून काहीही मागा." तेवढ्यात चाचीची नजर बांधावर गेली. उत्सवाचा कापडी फलक अजून बांबूंवर होता.

"तो," चाची म्हणाली.

"तो पुढच्या वर्षीला लागेल!" बाबा म्हणाले. मग त्यांचं त्यांनाच काय वाटलं कोण जाणे. उठले, गेले, आणि फलक स्वतःच्या हाताने सोडून घेऊन आले.

छप्पर झालं. चाचीचं घर पडलं, स्लॅबचं उभं राहिलं, दार गेलं. बांधकाम चालू असतानाच तिने शीड मंडळाला दिलं, एका अटीवर की ते घडी करून ठेवायचं नाही. खोली लहान, म्हणून ते अजून भिंतीवरून छतावर आणि छतावरून दुसऱ्या भिंतीवर असं लावलेलं आहे. बाबा गेले, दत्ताकाका गेले, चाचीही गेली. आता मंडळाची किल्ली माझ्याकडे असते आणि शाळांच्या सहली आल्या की मीच माहिती सांगते, बाबांच्या उडालेल्या पानांमधली जेवढी आठवते तेवढी. मागे एक अभ्यासक आले होते. शिडाच्या मधल्या पांढऱ्या ठिगळावर त्यांना लाल रंगातली अक्षरं दिसली, '…हासिक उन्हाळी उत्स…'. त्यांनी भिंग लावून बराच वेळ पाहिलं आणि हे कुठल्या काळातलं असावं असं मला विचारलं. मी म्हटलं, माझ्या.

कधीकधी दुपारी कुणी नसलं की मी पंखा लावून तिथे नुसती बसते. पंख्याच्या वाऱ्याने शीड भिंतीपासून बोटभर सुटतं, थोडं फुगतं. मी हातातली किल्ली घट्ट धरते. आणि दर खेपेला, घरी मी आणि नवरा दोघंच असलो तरी, मनात पहिलं हेच येतं की आता उठायला हवं, मोठं पातेलं काढायला हवं, येतीलच सगळे.